सोसायटीसाठी एलईडी दिवे घेताना : आर-नंबर, स्टार लेबल आणि कोटेशनमध्ये काय मागायचं?

वर्तकनगरकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आमची सोसायटी ठाण्यातली, बऱ्यापैकी जुनी. जिना, पार्किंग आणि गच्चीवरच्या ट्यूबलाइट काढून सगळीकडे एलईडी बसवायचं सर्वसाधारण सभेत मंजूर झालं. कोटेशनं तीन आली आणि तिन्हींवर मजकूर एकच : 'एलईडी बॅटन २० वॅट, वॉरंटी २ वर्षं' (बॅटन म्हणजे ट्यूबलाइटसारखा लांब, पट्टीसकट येणारा अख्खा दिवा). भावात मात्र दुपटीहून जास्त फरक. समितीचा कल साहजिकच स्वस्ताकडे. मी म्हटलं, आधी प्रत्येकाचा एकेक नमुना मागवू. नमुने आले, टेबलावर मांडले आणि मोबाइलवर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं, बीआयएस केअर ॲप उघडून खोक्यांवरचे आकडे एकेक करून घातले.

पहिल्या खोक्यावर सीई, आरओएचएस, 'आयएसआय क्वालिटी' असं सगळं ठळक छापलेलं आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत आर-नंबर, म्हणजे बीआयएसचा नोंदणी क्रमांक. तो घातला तर ॲपमध्ये मोबाइलच्या ॲडॉप्टरची नोंदणी उघडली! ब्रँड वेगळा, कारखाना वेगळा. म्हणजे दुसऱ्याच कुणाचा तरी नंबर उचलून छापलेला. दुसऱ्या खोक्यावरचा नंबर खरा निघाला, ब्रँडही जुळला, पण समोर मानक दिसत होतं आयएस १५८८५. ते ड्रायव्हरचं, म्हणजे दिव्याच्या आतल्या वीजपुरवठ्याच्या सर्किटचं. अख्ख्या बॅटनची नोंदणी त्या ब्रँडच्या नावावर काही सापडली नाही. तिसऱ्याचं सगळं जुळलं : आयएस १०३२२ (हे अख्ख्या दिव्याचं मानक), ब्रँड, कारखान्याचा पत्ता, नोंदणी चालू. बॅटनच्या पाठीवरही तेच चिन्ह छापलेलं होतं, नुसतं खोक्यावर नाही. आणि हा तिसरा सगळ्यात महाग नव्हता, मधल्या भावाचा होता.

माझं म्हणणं एवढंच आहे की सभासदांच्या पैशातून दिवे घेताना भावाआधी नंबर बघितला पाहिजे. पाच मिनिटांचं काम आहे. पण समितीत 'एवढ्याशा दिव्याला कसलं आलंय सर्टिफिकेट' असा सूर आहे. पुढच्या बैठकीत मुद्दे नीट मांडायचे आहेत, तेव्हा जाणकारांनी जरूर लिहावं.

मीनल_नेरुळ

आयएसआयचा शिक्का म्हणजे खात्रीचा माल, हे लहानपणापासून ऐकत आलोय. एलईडीवर तो नसतोच का? आणि फ्रिज-एसीवर असतात तसे स्टार आता बल्बच्या खोक्यावरही दिसतात. मग जास्त स्टारवाला घेतला की झालं ना?

निवृत्त_अभियंता

मीनलताई, प्रश्न चांगला विचारलात. माझी नोकरी चाचणी-प्रयोगशाळेत गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बीआयएसच्या दोन वाटा आहेत. आयएसआय चिन्हाच्या वाटेत बीआयएसची माणसं कारखान्यात जाऊन पाहणी करतात, मग परवाना मिळतो, आणि चिन्हापाशी 'सीएम/एल'ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. वायर, स्विच, इस्त्री यांच्यावर तो दिसेल. एलईडी दिवे मात्र इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणी योजनेत येतात. तो आदेश मूळचा २०१२ चा, २०१४ च्या अधिसूचनेने एलईडी दिवे आणि ड्रायव्हर त्यात आले. इथे उत्पादक आपला नमुना बीआयएसने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत तपासून घेतो, माल मानकाप्रमाणे असल्याचं स्वतः जाहीर करतो, आणि त्यावर त्याला आर-नंबर मिळतो. चिन्हाच्या वर आयएस क्रमांक, खाली आर-नंबर. त्यामुळे एलईडीच्या खोक्यावर 'आयएसआय क्वालिटी' असे शब्द दिसले की तिथेच सावध व्हायचं.

हा नंबर ब्रँडला सरसकट मिळत नाही. ठरावीक उत्पादन, ठरावीक ब्रँड आणि ठरावीक कारखाना अशा तिघांना मिळून तो असतो. म्हणून एकाच नावाजलेल्या ब्रँडच्या दोन बल्बांवर दोन वेगळे नंबर दिसले तर घाबरू नका, कारखाने वेगळे असतील. उलट बल्ब, बॅटन, ड्रायव्हर सगळ्यांवर एकच नंबर दिसला तर मात्र विचारा.

चाचणीत काय बघतात ते सांगतो, म्हणजे 'कसलं सर्टिफिकेट' म्हणणाऱ्यांना उत्तर मिळेल. बल्बचं मानक आयएस १६१०२, त्याचा भाग १ सुरक्षिततेचा. माणसाच्या बोटाच्या आकाराची सळई घेऊन बल्बच्या प्रत्येक फटीत घालून बघतात, आत विजेच्या भागाला टेकते का. बाहेरचं आवरण आणि आतलं सर्किट यांच्यातलं इन्सुलेशन दमट हवेत ठेवून तपासतात. टोपी पिळून बघतात, निखळते का. प्लॅस्टिकला तापून लाल झालेली तार लावतात, ते पेट घेतं का आणि घेतलं तर किती वेळात विझतं. आतले भाग मुद्दाम शॉर्ट करतात, अशा बिघाडातही आग लागता कामा नये. बऱ्याच बल्बांची खालची बाजू ॲल्युमिनियमची असते आणि त्यातलं सर्किट थेट मेन्सला जोडलेलं असतं. मध्ये काही मिलिमीटरचं अंतर आणि एक पातळ प्लॅस्टिकचा थर. तो थर वाचवला की बल्ब थोडा स्वस्त होतो. आपल्याकडे बटण चालू ठेवूनच बल्ब फिरवून बसवायची सवय आहे. त्या क्षणी हातात काय असतं याचा विचार करा.

स्टारचं काम वेगळं. ते बीईईचं, म्हणजे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचं. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याखाली २००२ मध्ये ही संस्था झाली, २००६ मध्ये स्टार योजना आली आणि पुढे एलईडी बल्बला ती सक्तीची झाली. बल्बवरचे स्टार एका वॅटमागे किती लुमेन उजेड मिळतो त्यावर ठरतात. दिवा किती टिकेल, व्होल्टेज वरखाली झालं तर तग धरेल का, हे स्टार मोजून कळत नाही. तेव्हा आधी आर-नंबर, मग स्टार.

सीई हे युरोपच्या बाजारासाठी उत्पादकाने करायचं निवेदन आहे. इथे त्याला कायद्याचं वजन नाही. आरओएचएस म्हणजे शिसं, पारा, कॅडमियमसारख्या घातक पदार्थांवरची मर्यादा. शॉक लागण्या-न लागण्याशी त्याचा संबंध नाही.

कोपरी_इलेक्ट्रिकल

मी दुकानदार, काउंटरच्या आतल्या बाजूने लिहितो. गिऱ्हाईक येतं आणि विचारतं, '९ वॅट कितीला?' लुमेन किती, हे फार क्वचित कोणी विचारतं. वॅट म्हणजे दिवा वीज किती खाणार, लुमेन म्हणजे उजेड किती देणार. पूर्वीचा ६० वॅटचा पिवळा बल्ब सातशे-आठशे लुमेन द्यायचा. आजचा बरा ९ वॅटचा एलईडी नऊशेच्या आसपास देतो. खोक्यावर लुमेनच लिहिलेले नसतील तर तो बल्ब मी ठेवत नाही.

माझ्याकडे प्लगमध्ये लावायचा एक छोटा वॅटमीटर आहे. संशय आला की गिऱ्हाइकासमोरच बल्ब लावून दाखवतो. '१२ वॅट' छापलेला बल्ब सात-आठ वॅटच घेताना मी पाहिलाय. लोकांना वाटतं, वा, वीज कमी खातो! अहो, पण उजेडही तेवढाच कमी देतो. पैसे बाराचे घेतले आणि दिवा सातचा दिला.

घाऊक बाजारात 'नाव सांगा, त्या नावाचा खोका छापून देतो' म्हणणारेही भेटतात. २०१७ मध्ये नील्सन या बाजारपाहणी करणाऱ्या कंपनीच्या पाहणीत मुंबई, दिल्ली, अहमदाबाद आणि हैदराबादमधल्या २०० दुकानांतले दिवे बघितले होते, त्यात ७६ टक्के एलईडी बल्बचे ब्रँड सुरक्षिततेच्या नियमांत बसत नव्हते. तेव्हा पेपरात बरीच चर्चा झाली होती. तेव्हापासून सुधारणा झाली आहे, पण फूटपाथवर टोपलीतून विकला जाणारा माल अजून आहेच. त्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता नाही, छापील किंमत नाही, महिना-वर्ष नाही. वेष्टनबंद मालावर हे सगळं छापणं कायद्याने बंधनकारक आहे. म्हणजे आर-नंबरापर्यंत जायचीही गरज नाही, तिथेच कळतं.

रबाळे_युनिट

आमचं नवी मुंबईतल्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात छोटं युनिट आहे, बॅटन आणि पॅनेल बनवतो. वर सगळं बरोबर लिहिलंय, पण एक गोष्ट राहिली आणि ती आमच्या धंद्यातली सगळ्यात मोठी अडचण आहे.

खरा आर-नंबर म्हणजे नमुना पास झाला. तुमच्या जिन्यात लागणारा दिवा तो नमुना नव्हे. बीआयएस बाजारातून नमुने उचलून तपासतं, पण प्रत्येक लॉट कसा तपासणार? आता ऑर्डर आली आणि समोरच्याने भाव पाडला की बनवणारा हात कुठे आखडता घेतो ते ऐका. पहिला नंबर ड्रायव्हरमधल्या कपॅसिटरचा. १०५ अंश सोसणारा काढून ८५ वाला घालायचा. बाहेरून कुणालाही कळत नाही, पण बंद फिटिंगच्या उष्णतेत तो लवकर सुकतो आणि दिवा लुकलुकायला लागतो. दुसरं म्हणजे एलईडीच्या चिप. चोवीसच्या जागी सोळा लावून त्यांतूनच जास्त करंट सोडायचा. पहिल्या दिवशी उजेड तेवढाच दिसतो. चिप तापत राहते आणि वर्षभरात उजेड उतरतो. तिसरं, मागची ॲल्युमिनियमची पट्टी पातळ करायची. चौथं, विजेच्या झटक्यापासून वाचवणारा छोटासा भाग, एमओव्ही, तो सरळ गाळायचा. पहिल्या पावसात लाइट जाऊन-येऊन झाली की मग सोसायटीचे फोन सुरू होतात.

आम्ही हे करत नाही आणि त्यामुळे ऑर्डर जातात, हे स्पष्ट सांगतो. प्रत्येक उत्पादनाची चाचणी, नोंदणी, नूतनीकरण याचा खर्च आमच्यासारख्या छोट्या युनिटला जड जातो. तो खर्च करून माल प्रामाणिकपणे बनवायचा आणि शेजारचा उचललेला नंबर छापून निम्म्या भावात विकतो. नंबर तपासणारं गिऱ्हाईक आम्हाला हवंच आहे. तुम्ही तपासलंत तर आम्ही टिकू.

वर्तकनगरकर

रबाळेदादा, मोकळेपणाने लिहिलंत, आभार. मग लॉटमध्ये गडबड होऊ नये म्हणून सोसायटीने काय करावं? आम्ही काय चिपा मोजत बसणार?

रबाळे_युनिट

मोजा की! एक नमुना उघडून मोजायला काही लागत नाही. साधी पद्धत सांगतो. नमुना पसंत पडला की तसलेच दोन घ्या. एक उघडा, आतले फोटो काढा, चिपा मोजा, ड्रायव्हरवरचा मजकूर टिपा, वजन करा. दुसरा पुठ्ठ्यात सील करून त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या आणि सोसायटीच्या कपाटात ठेवा. माल आला की कुठल्याही खोक्यातून दोन-तीन काढून वजन आणि आतलं जुळतं का बघा. आपण तपासणार हे पुरवठादाराला आधीच सांगा. नुसतं सांगितल्यानेच निम्मं काम होतं.

आणि नोंदणीपत्राची प्रत मागा, त्यात मॉडेलची यादी असते. तुमच्या बिलावरचं मॉडेल त्यात पाहिजे.

ऐरोली_वायरमन

बॅटन घेताय ते बरंच आहे. काही सोसायट्या जुनी पट्टी तशीच ठेवून नुसती एलईडी ट्यूब आत घालतात, त्याबद्दल लिहितो. जुन्या पट्टीत चोक आणि स्टार्टर असतो. बहुतेक एलईडी ट्यूबना चोक नको असतो. तो तसाच राहिला तर तापतो, वीज खातो, वर ट्यूबही जाते. चोक काढून वायरिंग बदलावं लागतं. त्यात काही ट्यूबला लाइन एकाच टोकाला द्यायची असते, काहींना दोन्ही टोकांना. एका प्रकारासाठी केलेल्या पट्टीत उद्या दुसऱ्याने दुसऱ्या प्रकारची ट्यूब घातली की शॉर्ट. दोन टोकांच्या प्रकारात एक बाजू बसवली आणि दुसरी हातात असली तर त्या पिनांवर करंट येऊ शकतो. मेन बंद केल्याशिवाय हात लावू नका आणि पट्टीवर मार्करने लिहून ठेवा की आत वायरिंग कुठलं आहे.

गच्चीवर आणि पोडियमवर आयपी ६५ चा, म्हणजे धूळ आणि पाण्याचा मारा आत जाऊ न देणारा दिवा लावा. आपल्याकडचा पाऊस आडवा येतो, घरात लावायच्या दिव्याला साधं झाकण लावून भागत नाही.

काढलेल्या जुन्या ट्यूब फोडू नका, आत पारा असतो. सुक्या कचऱ्यात टाकू नका, झाडूवाल्याच्या हातात देऊ नका. खोक्यात उभ्या ठेवून ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत संस्थेला द्या. कोटेशनमध्येच 'जुन्या ट्यूब नेण्याची जबाबदारी' असं लिहून घेता येतं.

पाचपाखाडी_खजिनदार

मी आमच्या सोसायटीची खजिनदार आहे, म्हणून आकड्यांत बोलते. जुनी ३६ वॅटची ट्यूब आणि तिचा चोक मिळून ५० वॅटच्या आसपास घेतात. २० वॅटचा बॅटन लावला की ३० वॅट वाचले. रोज १२ तास जळणारा दिवा धरला तर वर्षाला साधारण १३० युनिट. दर १० रुपये धरला तरी एका दिव्यामागे तेराशे रुपये. इथपर्यंत सगळे मान डोलावतात.

पण समितीत कुणीतरी विचारणार, आणि बरोबरच विचारणार, की स्वस्त दिवाही २० वॅटच घेतो, मग बचत तेवढीच झाली ना? जास्त पैसे कशाला घालायचे? याचं उत्तर तयार ठेवा. मला तरी ते आयुष्यात आणि मजुरीत दिसतं. जिन्यातल्या उंच जागेवरचा दिवा बदलायला दर वेळी माणूस, शिडी आणि त्याची मजुरी.

निवृत्त_अभियंता

खजिनदारबाई, मुद्दा अचूक आहे. त्याला आकडा देतो. खोक्यावर २५,००० तास लिहितात, ते १२ तासांच्या हिशेबाने साडेपाच वर्षांहून जास्त होतात. पण या तासांचा अर्थ बहुतेकांना ठाऊक नसतो. साधारणपणे ते उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर येईपर्यंतचे तास असतात. दिवा जळत असतो, पण जिना अंधारा झालेला असतो. वर रबाळ्याहून लिहिलंय तशा जास्त करंट सोडलेल्या चिपा त्या ७० टक्क्यांवर फार लवकर येतात. वीज मात्र तेवढीच खात राहतात! मग रहिवासी तक्रार करतात आणि शेजारी आणखी एक दिवा लागतो. तिथे बरीचशी बचत गेली.

आणि स्वस्त म्हणजे वाईटच, असंही समितीला सांगू नका, ते खोटं पडेल. एलईडी बल्ब वाटपाच्या सरकारी उजाला योजनेत ईईएसएल या सरकारी कंपनीने घाऊक खरेदी केली तेव्हा बल्बचा खरेदीदर २०१४ मधल्या ३१० रुपयांवरून २०१६ मध्ये ३८ रुपयांपर्यंत आला. तांत्रिक अटी आणि तीन वर्षं बदलून देण्याची हमी निविदेत लिहिलेली होती. अटी पक्क्या असल्या की भाव खुशाल पाडा. तुमची सोसायटी छोटी असेल, पण ऑर्डर शे-दीडशे दिव्यांची असेल तर अटी घालण्याइतकं वजन तुमच्याकडे आहे.

पॉवर फॅक्टर (लाइनमधून ओढलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणाऱ्या विजेचं प्रमाण) ०.९ च्या वरचा मागा. घरगुती मीटरच्या बिलात तो थेट दिसत नाही, पण बऱ्या ड्रायव्हरची ती खूण आहे. आणि मोबाइलचा कॅमेरा दिव्यासमोर धरा. पडद्यावर जाड काळे पट्टे सरकताना दिसले तर दिवा लुकलुकतोय. अभ्यासिका असेल तिथे असला दिवा नकोच.

वर्तकनगरकर

बैठक झाली. कळवायला उशीर झाला, क्षमस्व.

मी भाषण केलं नाही. पहिल्या खोक्याचा नंबर सगळ्यांना आपापल्या फोनवर घालायला सांगितला. ॲडॉप्टर उघडल्यावर सूर बदलला. ज्यांनी स्वस्ताचा आग्रह धरला होता त्यांनीच विचारलं की याची तक्रार कुठे करायची. ती त्याच ॲपमधून करता येते. खोका, बिल आणि नंबर यांचे फोटो जोडून आम्ही केली आहे. ग्राहक हेल्पलाइन १९१५ चा पर्यायही आहे.

नवीन कोटेशन मागवताना हा मजकूर पाठवला, कुणाला हवा असेल तर घ्या : 'प्रत्येक दिव्यावर आणि खोक्यावर बीआयएसचं मानक चिन्ह, आयएस क्रमांक आणि आर-नंबर हवा. नोंदणीपत्राची प्रत मॉडेलच्या यादीसह जोडावी. वॅटसोबत लुमेन, पॉवर फॅक्टर, रंगतापमान (उजेड पिवळसर की पांढरा) आणि विजेचा झटका किती किलोव्होल्टपर्यंत सोसतो ते लिहावं. मंजूर नमुना दोन्ही बाजूंच्या सह्यांनी सील होईल. येणारा माल त्याच्याशी न जुळल्यास पूर्ण लॉट परत. वॉरंटी तीन वर्षं, बदलण्याच्या मजुरीसकट. बिलावर मॉडेल क्रमांक. जुन्या ट्यूब अधिकृत ई-कचरा केंद्रात दिल्याची पावती.'

पहिल्या तिघांपैकी दोघांनी पुन्हा कोटेशन दिलंच नाही. दोन नवीन आले आहेत. मधल्या भावाचा जो होता त्याने मजुरीच्या अटीवर थोडी घासाघीस केली, पण नोंदणीपत्र त्याच दिवशी पाठवलं.

मीनल_नेरुळ

हा मजकूर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकते. आणखी एक विचारायचं होतं. गणपतीत आमच्या आवारात मंडप असतो आणि त्यावर एलईडीच्या माळा सोडतात. त्यांनाही आर-नंबर लागतो का? मुलं सारखी हात लावत असतात, म्हणून काळजी वाटते.

कोपरी_इलेक्ट्रिकल

लागतो ताई, माळाही सक्तीच्या नोंदणीत आहेत. रीळवाली रोप लाइट असेल तर रिळाचं वेष्टन टाकून देऊ नका, नंबर त्यावरच सापडतो. भाड्याने आणत असाल तर डेकोरेटरकडे वेष्टन मागा, नसेल तर निदान ॲडॉप्टर किंवा कंट्रोलरच्या डबीवरचा नंबर बघा. उघड्यावर लावायची असेल तर आयपी ६५ लिहिलेलीच घ्या, जोड टेपने गुंडाळून भागवू देऊ नका, आणि खांबावर मुलांच्या हाताच्या वर चढवा. मंडपाच्या लाइनवर आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन आपोआप तोडणारा स्विच, बसवून घ्या, ३० मिलिॲम्पियरचा. तो रोज एकदा त्याच्यावरचं टेस्ट बटण दाबून बघायला एका कार्यकर्त्याला सांगून ठेवा.